सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून पेट्रोलचा वास. गॅरेजवाले म्हणतात, काही नाही

सकाळची_फेरी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार. गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण गेले बारा-तेरा दिवस एका वासाने जीव टांगणीला लागलाय, म्हणून इथे विचारते आहे.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किलोमीटर झालेली. सीएनजी नाही. मी साताऱ्यात राहते आणि कराडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, त्यामुळे रोजचं जाणं-येणं मिळून शंभरेक किलोमीटर होतं. सकाळी सव्वासहाला निघते. गाडी सुरू केली की पहिली तीन-चार मिनिटं पेट्रोलचा वास येतो, पंपावर येतो तसा, अगदी कच्चा. हायवेला लागेपर्यंत गेलेला असतो. दुपारी कॉलेजातून निघताना एक-दोनदाच पुसटसा जाणवला. संध्याकाळी बाजारात वगैरे गाडी काढली तर अजिबात नाही.

खरं तर वास पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आला. आमच्या पोर्चच्या कडेलाच तुळस आहे. मी गाडी सुरू ठेवून गेट उघडायला जाते, त्याच सुमारास त्या तुळशीपाशी निरांजन लावत असतात. "अगं, रॉकेल कुठे सांडलंय का?" म्हणाल्या. आमच्या घरात रॉकेल यायचं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. मिस्टरांना विचारून उपयोग नाही, २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हापासून त्यांना वास नीट येतच नाही. म्हणजे घरात वास घेणाऱ्या आम्ही दोघीच.

गॅरेजला दोनदा दाखवली. कॉलेजातून परतताना नेली होती. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन-तीन पाइप हलवून पाहिले आणि "ताई, कुठेही गळत नाही, थंडीत एवढा वास येतोच" म्हणाले. दुसऱ्या खेपेला पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदलून दिलं. वास आहे तसाच आहे.

फरशीवर डाग नाही. डॅशबोर्डवर कसला दिवा नाही. ॲव्हरेज आधीसारखंच आहे. थांबून बघू, की दुसरीकडे दाखवू?


घाटरस्ता | सोमवार, रात्री ९:३२

ताई, उंदीर बघा! माझ्या गाडीत गेल्या पावसाळ्यात उंदराने पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडला होता, इंजिनच्या वरच्या कव्हरखाली शेंगांची टरफलं आणि कापूस निघाला. वास असाच यायचा. पाइप थोडाच चिरला असेल तर तो चिकटणारा रबर टेप मिळतो, तो घट्ट गुंडाळून काम भागतं. मी महिनाभर चालवली तशी.


बारातेरा_पाना | सोमवार, रात्री १०:०५

ताई, आधी दोन गोष्टी सांगतो, त्या आज रात्रीच ठरवा. बाकीचं सावकाश वाचा.

पहिली, उद्या गाडी सुरू करू नका. सातारा-कराड एसटी हवी तेवढी आहे, एसटीने जा.

दुसरी, ते निरांजन. गाडी दुरुस्त होईपर्यंत तुळशीपाशी दिवा नको, उदबत्तीही नको. सासूबाईंना सांगा, काही दिवस देवघरातच लावा म्हणावं. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि फरशीवरून सरकत जाते. पेट्रोल उणे चाळीस अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा साताऱ्याच्या थंडीचं त्याला काहीच नाही. तुळशीचा कट्टा उंच असेल तर तेवढंच बरं, पण त्या भरवशावर एकही सकाळ काढू नका. तुम्ही हे सहज म्हणून लिहिलंत, मी वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

माझं सांगतो. मिरजेत चौतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता पुतण्या बघतो. १९९४ साली एका गाडीखाली वायरचा हातदिवा घेऊन पडलो होतो. पाइपातून ठिपका-ठिपका पेट्रोल येत होतं. त्यातला एक थेंब तापलेल्या बल्बवर पडला, काच फुटली आणि भडका झाला. हाताखालच्या पोराने वाळूची बादली ओतली म्हणून आज हे लिहितोय. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी अजून गुळगुळीत आहे. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात पेट्रोलच्या वासाची गाडी आली की आधी ती मोकळ्यावर ढकलत न्यायची, मग बाकीचं. सुरू करून न्यायची नाही, हा नियम होता.

आता "थंडीत वास येतोच" याबद्दल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना थोडा वास यायचा हे खरं, कारण त्यातली पेट्रोलची वाटी हवेला उघडी असायची. तुमची गाडी इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल दाबाखाली इंजेक्टर नावाच्या बारीक तोट्यांतून इंजिनमध्ये फवारलं जातं. टाकीपासून इंजेक्टरच्या तोंडापर्यंत सगळं बंद. टाकीत तयार होणारी वाफसुद्धा बाहेर सोडत नाहीत, कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि चालत्या इंजिनला पाजतात. अशा बंद गाडीतून कच्चा वास आला म्हणजे ती कुठेतरी उघडी पडली आहे.

थंड इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त दिलं जातं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, तेव्हा तापलेला नसतो, म्हणून गाडीच्या मागे उभं राहिलं तर पहिली दोन मिनिटं वास येतो, आणि तो चालतो. पण तो मागे येतो, धुरात मिसळलेला असतो, डोळ्यांना झोंबतो. पंपावरच्यासारखा नसतो. तुम्ही नेमका शब्द वापरलात, कच्चा. त्यावरूनच मी म्हणतो की हा धुराचा नव्हे.

घाटरस्ता भाऊ, उंदराची शंका बरोबर आहे, बघायलाच हवी. पण टेपचं ऐकवत नाही. इंजेक्शनच्या लाइनमध्ये साधारण तीन बार दाब असतो, म्हणजे गाडीच्या चाकात जेवढी हवा भरता त्याहून जास्त. टेपचा गोंद पेट्रोलमध्ये विरघळतो. महिनाभर तुमचं निभावलं हे तुमचं नशीब, दुसऱ्याला सांगू नका. पाइप चिरला की बदलायचा.

ताई, एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्या:
वास गाडीच्या बाहेर, पुढे उभं राहिल्यावर जास्त येतो की आत बसल्यावर?
आत असताना एसीचं बाहेरची हवा बंद करणारं बटण दाबलं तर कमी होतो का?
टाकी फुल केल्यावर वाढतो का? पंपावाल्याला "अजून थोडं, राउंड फिगर कर" असं सांगता का?
ऑइलची पट्टी काढून हुंगलीत तर पेट्रोलचा वास येतो का?
आणि सर्व्हिसिंग शेवटचं कधी झालं, त्याच्या बिलावर काय काय लिहिलंय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बिल शोधून ओळ न ओळ लिहा.


सकाळची_फेरी | सोमवार, रात्री ११:२०

काका, तुमचं वाचून सासूबाईंना उठवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठून निरांजन आत नेऊन ठेवलं. उद्या एसटी.

वास पुढे उभं राहिल्यावर जास्त, गेट उघडून परत येताना तर सर्वांत जास्त. बोनेटच्या ड्रायव्हरकडच्या अंगाला. आत असताना ते बटण दाबलं तर अर्ध्या मिनिटात कमी होतो, हे मी आधीच करून पाहिलं होतं, म्हणून तर आत्तापर्यंत चालवत राहिले. टाकी फुल करत नाही, दर आठवड्याला हजाराचं टाकते, मशीन थांबलं की थांबते. ऑइलची पट्टी मिस्टरांनी काढून दिली, मी हुंगली. नुसता ऑइलचा वास.

बिल सापडलं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातलं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, व्हील अलाइनमेंट, ब्रेक क्लीनिंग, आणि "इंजेक्टर क्लीनिंग (काढून)". तेव्हापासून दीड महिना वास नव्हता. थंडी पडली आणि सुरू झाला. म्हणून मला दोन्हींचा संबंध वाटला नाही.


आसवनी | मंगळवार, सकाळी ७:४५

मी सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या आसवनीत काम करतो, मळीपासून इथेनॉल बनवतो, त्यामुळे माझं लक्ष सारखं त्याच्याकडे जातं. गाडी २०१३ ची आहे. तेव्हाची रबरं कमी इथेनॉलचं पेट्रोल धरून निवडलेली. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालं आणि त्याला टिकणारी रबरं-प्लास्टिक नव्या गाड्यांत १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली. इथेनॉलमुळे काही जातींचं रबर फुगतं, नरम पडतं, पाणीही ते ओढून घेतं. जुन्या गाड्यांत पाइप आणि सील लवकर जातात असं आमच्याकडचे बरेच जण म्हणतात. ताईंच्या गाडीतही तेच असेल का? इथेनॉल बनवणारा मीच आहे, त्यामुळे हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण विचारायला हवं.


बारातेरा_पाना | मंगळवार, दुपारी १२:३०

आसवनी भाऊ, तुम्ही खरेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. दहा-बारा वर्षांच्या गाडीचं रबर हे तपासायचंच, आणि जुन्या गाड्यांचे पाइप आता मी मुदतीआधीच बदलायला सांगतो. पण प्रत्येक वासाला इथेनॉल कारण धरलं तर समोरचं दिसत नाही. ताईंच्या बाबतीत समोर काय आहे ते बघा.

गाडीच्या पुढच्या काचेखाली जाळी असते, तिथून आत ताजी हवा येते. बटण दाबल्यावर वास कमी होतो याचा अर्थ तो बॉनेटखालून त्या जाळीतून आत येतोय. म्हणजे टाकीकडचा भाग, झाकण, मागचे पाइप, बहुतेक सुटले. ते झाकण उगीच बदललं.

टाकी तोंडापर्यंत भरत नाहीत, म्हणजे कोळशाचा डबा ओला झाल्याची शक्यता कमी. डब्यात द्रव पेट्रोल गेलं की कोळसा निकामी होतो आणि वास येतो. पण तो उन्हात, टाकी फुल असताना जास्त येतो. तुमचा उलटा आहे.

ऑइलला वास नाही, म्हणजे इंजेक्टर आतल्या बाजूला गळत नाहीत.

आता बिलावरची ती ओळ. "काढून." याचा अर्थ चारही इंजेक्टर त्यांच्या जागेवरून उपसले, मशीनवर धुतले आणि परत बसवले. प्रत्येक इंजेक्टरला दोन रबरी ओ-रिंग असतात. खालची मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा नेणाऱ्या नळकांड्यात बसते, ती गळली तर हवा आत ओढली जाते, गाडी जागेवर नुसती चालू असताना अडखळते. वरची रेलमध्ये बसते. रेल म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी आडवी नळी. तो सगळा तीन बारचा दाब या वरच्या रिंगवर असतो. इंजेक्टर काढला की ओ-रिंग बदलायचीच असते, चारी इंजेक्टरच्या मिळून आठ. पण जुनी रिंग दिसायला ठीक दिसते, सुट्या रिंगांसाठी दुकानात माणूस पाठवावा लागतो, आणि गिऱ्हाईक दाराशी उभं असतं. मग जुनीच पुसून बसवतात. दहा वर्षं एकाच जागी दाबलेलं रबर कडक झालेलं असतं. परत ढकलताना कोरडं ढकललं तर कडेला चिमटतं.

मग दिवाळीला का नाही गळलं? तेव्हा उबारा होता. रबर उबेत मऊ असतं, फुगतं, चिमटलेली जागासुद्धा भरून काढतं. साताऱ्याची पहाटेची थंडी पडली की तेच रबर आकसतं, ताठ होतं, आणि केसाएवढी फट पडते. गाडी सुरू झाली, तीन-चार मिनिटांत मॅनिफोल्ड तापलं की फट बंद. राहिलेलं पेट्रोल गरम धातूवर उडून जातं. फरशीपर्यंत थेंब पोहोचतच नाही, म्हणून डाग नाही. आणि तुम्ही गाडी गॅरेजला नेता कधी? पन्नास किलोमीटर चालवून, तापलेली. त्यांना काही दिसलं नाही यात नवल नाही. थंडीतली गळती थंड गाडीतच शोधावी लागते.

मी पैज लावत नाही, अंदाज सांगतोय. रेलला येणारा पाइप आणि त्याची जोडणीही तेव्हा काढली असणार, तीही संशयात धरा. कोळशाच्या डब्यातली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह असतो, त्याचा पाइप सुटला असेल तरी वास येतो. हे सगळं एका सकाळी कळेल, पण तुम्ही एकट्याने करू नका. जाणता मेस्त्री घरी बोलवा. गाडी रात्रभर उभी असताना, सुरू करण्याच्या आधी. त्याला असं सांगा:

गाडी ढकलून पोर्चबाहेर, मोकळ्यावर. जवळ पावडरचा अग्निशामक. आसपास कुणाची विडी-सिगारेट नाही, गीझरचा गॅस बंद. उजेडाला एलईडीची बॅटरी, तीही लांब असतानाच चालू करून मग जवळ न्यायची. वायरचा बल्ब नको. बॉनेट उघडं ठेवून चावी फक्त "ऑन"ला न्यायची, स्टार्टर मारायचा नाही. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घुर्र करतो आणि थांबतो, तेवढ्यात लाइनमध्ये दाब भरतो. चावी बंद, परत ऑन, असं चार वेळा. मग चावी बंद करून काढून घ्यायची आणि पांढऱ्या टिश्यू पेपरची बारीक गुंडाळी प्रत्येक इंजेक्टरच्या मानेभोवती फिरवायची, जिथे तो रेलमध्ये शिरतो तिथे. जोडणीला, पाइपाच्या टोकालाही. कागद ओला झाला की जागा सापडली. नुसतं डोळ्याने बघू नका, पेट्रोल धातूवर दिसत नाही. त्या वेळी काहीही सैल करायचं नाही, आत दाब असतो, तोंडावर फवारा येईल.

आणखी एक सांगतो, बहुतेक जणांच्या नजरेतून सुटतं. इंजिनवर सगळीकडे धुळीचा थर असतो. जिथे पेट्रोल रोज थोडं झिरपतं तिथली धूळ धुऊन जाते. तेव्हा डाग शोधायचा नाही, उलट सगळ्यांत स्वच्छ जागा शोधायची. तिच्या कडेला पिवळट-तपकिरी वार्निशसारखी किनार असते.


घाटरस्ता | मंगळवार, दुपारी १:१५

काका, टेपचं मी मागे घेतो. माझी पोस्ट कुणी वाचून तसं करू नये.


सकाळची_फेरी | गुरुवार, सकाळी ८:५०

सापडलं! आत्ताच मेस्त्री गेले, हात धुऊन लगेच लिहायला बसले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक दादा दुचाकी आणि चारचाकी दोन्ही करतात. त्यांना काकांची पोस्ट मोबाइलवर वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "यांनी बरोबर लिहिलंय, मी पहाटे येतो." सहाला आले. बाहेर चांगलीच थंडी होती, त्यांनी मफलर गुंडाळला होता. मी, ते आणि मिस्टर अशी तिघांनी गाडी गेटबाहेर ढकलली.

आधी त्यांनी नुसतं बघितलं, काहीच केलं नाही. मग बॅटरीचा उजेड तिरका धरून मला बोलावलं. चार इंजेक्टर ओळीने उभे, सगळ्यांच्या पायथ्याशी करडी धूळ, मऊ, बोट लावलं तर ठसा उमटेल अशी. तिसऱ्याच्या पायथ्याशी मात्र बोटभर जागा घासल्यासारखी लख्ख, ॲल्युमिनियम चकाकत होतं, आणि भोवती चहा वाळून राहतो तशी किनार. हे मी रोज शंभर किलोमीटर घेऊन हिंडत होते.

मग चावी चार वेळा. त्या शांततेत पंपाचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. टिश्यूची गुंडाळी त्यांनी पहिल्या इंजेक्टरभोवती फिरवली, कोरडी. दुसऱ्या, कोरडी. तिसऱ्याच्या मानेला लावली आणि मागून आणली तेव्हा अर्धी वीत कागद भिजून पारदर्शक झाला होता. माझ्या नाकापाशी धरला. तोच वास. मला एकदम रडू आलं, कारण आता हा वास खरा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. गॅरेजात दोनदा "तुम्हाला उगीच वाटतंय" या नजरेने बघितलं होतं.

गाडी तशीच उभी आहे. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली. आठही ओ-रिंग ते पुण्याहून मागवतायत, शनिवारी बसवतील. काका, त्यांना आणखी काय सांगू?


बारातेरा_पाना | गुरुवार, सकाळी १०:२०

ताई, तुमच्या मेस्त्रींना माझा नमस्कार सांगा. आधी बघितलं आणि मग हात लावला, असा माणूस सोडू नका.

त्यांना हे माहीत असेलच, तरी लिहितो. रेल काढण्याआधी दाब उतरवायचा. एरवी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, पण इथे गळती असताना इंजिन चालवायचं नाही. जोडणीवर जाड फडकं गुंडाळून हळूहळू सैल करायची, फडक्यात पेट्रोल धरायचं, आणि ते फडकं घरात किंवा पोर्चात न ठेवता मोकळ्यावर वाळू द्यायचं. नव्या रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावायचं, ग्रीस नको, सिलिकॉन नको. रेल चारही इंजेक्टरवर एकसारखी दाबत बसवायची, एका टोकाने नाही, तिथेच रिंग चिमटते. जुन्या रिंग फेकू देऊ नका, तिसरीचा फोटो टाका. आणि स्टार्टर मारण्याआधी परत तीच चावी, तोच कागद.

रिंग पेट्रोल इंजेक्शनच्याच हव्यात. दुकानदार साध्या काळ्या नायट्राइल रबराच्या देईल, त्यापेक्षा व्हायटॉन रबराच्या मिळाल्या तर घ्या. त्या उष्णतेला आणि आसवनी भाऊंच्या इथेनॉललाही जास्त टिकतात. दरात थोडाच फरक पडेल.


सकाळची_फेरी | रविवार, सकाळी ७:०५

काल झालं. व्हायटॉनच्या मिळाल्या, चॉकलेटी रंगाच्या. तिसऱ्या इंजेक्टरची जुनी वरची रिंग माझ्या तळहातावर आहे. तीन बाजूंनी गोल आणि एका बाजूला चपटी, त्या चपट्या जागी नखाने उकरल्यासारखा काप. वाकवून पाहिली तर कापाच्या बाजूला टक्कन तुटली. नवी रिंग वाकवली की लगेच परत गोल होते. फोटो खाली जोडलाय. उरलेल्या तीनपैकी आणखी दोन कडक निघाल्या, म्हणजे त्याही रांगेतच होत्या.

काल दुपारी कागद कोरडा होता, पण दुपारचं मी मानणार नव्हते. आज पहाटे सहाला दादा परत आले, पैसे न घेता. चावी चार वेळा, कागद चारही इंजेक्टरला, जोडणीला, पाइपाला. कोरडा. मग सुरू केली. मी पुढे उभी राहिले, सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पाच मिनिटं दोघी हुंगत होतो. थंड हवेचा वास आणि शेजारच्यांच्या बंबाचा धूर, बाकी काही नाही. तरी दिवा त्यांनी आज देवघरातच लावला. "आठवडा जाऊ दे," म्हणाल्या. मलाही तेच बरं वाटलं.

आधीच्या गॅरेजला जाऊन रिंग दाखवणार आहे. भांडायला नाही. त्या आठवड्यात त्यांनी आणखी कुणाकुणाचे इंजेक्टर काढले ते त्यांच्याच वहीत असेल, त्या लोकांना फोन करा एवढंच सांगायचंय.


बारातेरा_पाना | रविवार, सकाळी ९:४०

रिंगेचा फोटो पुतण्याला दाखवला, गॅरेजच्या फळ्यावर लावायला सांगितलाय. त्या गॅरेजला नक्की जा, वहीचं बोलणं योग्य आहे.


घाटरस्ता | रविवार, रात्री ८:१५

काका, तुमचं वाचून आज सकाळी मीही मेस्त्रीला घरी बोलावलं. मागच्या वेळी टेप काढून जो नवीन पाइप टाकला होता, त्याच्या क्लिपपाशी कागद ओला झाला. वास अजून एकदाही आला नव्हता. पाइपावर ३०आर७ असं छापलंय. हा बरोबर आहे का?


बारातेरा_पाना | रविवार, रात्री ८:३०

नाही. ३०आर७ कमी दाबाचा, कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा. तुमच्या गाडीला ३०आर९ छापलेला हवा, तो इंजेक्शनच्या दाबाचा. आतल्या भोकाचा व्यास मोजून घ्या, जुना पाइप सोबत न्या. क्लिपही तारेची किंवा भोकं पाडलेल्या पट्टीची नको, भोकांच्या कडा रबरात रुततात. गुळगुळीत आतल्या बाजूची, बोल्टने आवळणारी घ्या. उद्या गाडी काढू नका.


घाटरस्ता | रविवार, रात्री ८:३४

नाही काढत. चावी बायकोकडे दिली.